नवाचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचे गॅरेज आहे. गॅरेज कसले, एक भाड्याची शेड, एक ओटा आणि वॉल्व्ह घासायचे जुने मशीन. आबा हेडच्या कामाचे मिस्त्री. गाडीचे इंजिन धापा टाकू लागले की इतर मिस्त्री हेड उतरवून आबांकडे पाठवतात. मी कला शाखा घेतली तेव्हा शेजारचा लेथवाला म्हणाला होता, "आता पोरगा कविता करणार आणि बाप वॉल्व्ह घासणार." आबा काही बोलले नाहीत, पण मला ते लागले. आपल्या शिक्षणाचा आबांना एकदा तरी उपयोग व्हावा, असे तेव्हापासून मनात होते.

ती संधी 2024 च्या मे महिन्यात आली. एका निवृत्त डॉक्टरांकडे एमजीए ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावी 1955 ते 1962 या काळात ही गाडी तयार होत असे. अशी गाडी आमच्या शेडपुढे उभी राहिली तेव्हा सारी गल्ली गोळा झाली. पण आबांनी बॉनेट उघडले आणि हसले. म्हणाले, "ही तर आपली अँबॅसडर!" ते खरेच होते. त्या गाडीचे 1489 सीसीचे इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचे इंजिन एकाच घराण्यातले. एमजीएला कार्बोरेटर दोन आणि कॉम्प्रेशन जास्त, एवढाच काय तो थाट. अँबॅसडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. पण आबांचा हात त्या इंजिनावर तीस वर्षे बसलेला होता.

वाचकांपैकी बहुतेकांना इंजिनाची माहिती नसेल, म्हणून थोडे सांगतो. इंजिनाला श्वास घेण्यासाठी आणि सोडण्यासाठी झडपा असतात, त्यांना वॉल्व्ह म्हणतात. चार सिलिंडरना आठ. खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्यावरचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड वरच्या रॉकरला झुकवतो आणि रॉकर वॉल्व्ह दाबून उघडतो. वॉल्व्ह परत मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला चाळीसपेक्षा जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. स्प्रिंग मऊ पडली तर वॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. स्प्रिंग वाजवीपेक्षा कडक असली तर तिचा सारा जोर कॅमच्या उंचवट्यावर पडून तो झिजतो.

डॉक्टरांचे म्हणणे एवढेच होते, की पन्हाळ्याचा चढ चढताना गाडी जरा खुशीत चालावी. इंग्लंडहून सुट्या भागांचा कॅटलॉग त्यांनी आणलाच होता. आबांनी आधी हेड उतरवले. एक्झॉस्टचे वॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चालले होते. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे 2000 साली बंद झाले. हवेच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण त्या शिशाचा थर जुन्या बिडाच्या सीटना जपत असे, तो गेला. आबांनी चारही एक्झॉस्टला कडक धातूच्या नव्या सीट बसवायचे ठरवले. "आधी श्वास धड होऊ दे, मग पळायचं बघू," ते म्हणाले.

मग कॅटलॉग उघडला. तो इंग्रजीत, म्हणजे माझ्या ताब्यात. कॅमचे तीन प्रकार होते : साध्या रस्त्यासाठी, वेगवान रस्त्यासाठी आणि शर्यतीसाठी. मी वरचे मोठे आकडे वाचून दाखवू लागलो. शर्यतीच्या कॅमने किती शक्ती वाढते, हे सांगताना माझाच आवाज चढला होता. आबांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "गाडी किती हजारांवर पळवता?"

"तीन-साडेतीन. त्यापुढे कशाला नेऊ?"

"मग मोठा कॅम काय करायचा? त्याची मजा चार हजारांच्या पुढं. खाली गाडी नुसती थरथरणार. सिग्नलला उभी राहायची नाही धड."

जास्त उघडझाप करणारे रोलर रॉकरही कॅटलॉगात होते. त्यावर आबांनी हेडमधल्या वाटा दाखवल्या. या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना हवा आत घ्यायची वाट एकच आहे. "नरडं हाय तेवढंच. तोंड कितीबी उघडलं तरी घास तेवढाच जाणार." साध्या रस्त्याचा कॅम आणि त्याच्याबरोबर नवे टॅपेट, असे ठरले. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधी बसवू नयेत. कारण जुना टॅपेट जुन्या कॅमच्या घासणीला सरावलेला असतो.

"स्प्रिंगा कुठल्या लिवल्यात?" आबांनी विचारले.

त्या पानावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत डबल स्प्रिंगांचा संच होता. मी म्हणालो, "डबल, कडक."

"आणि पहिल्यांदा सुरू करताना काय खास लिवलंय?"

"काही नाही."

हे दोन शब्द मी फार सहज बोललो.

जूनच्या अखेरीस पार्सल आले. आबांनी आठ दिवस खपून इंजिन जुळवले. सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी पेढे वाटले. त्यानंतर अर्धा तास इंजिन मंद ठेवून आबांनी दोन्ही कार्बोरेटर जुळवले. त्यांच्या सवयीप्रमाणे ते बरोबरच होते. गाडी गेली. तीनशे किलोमीटर झाले असतील-नसतील, ती टकटक करीत परत आली.

आबांनी रॉकरचे झाकण काढले. टॅपेटची फट पाहायची त्यांची एक रीत आहे. तिला ते नवाचा हिशेब म्हणतात. आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट पाहायची, सातवा दाबला की दुसऱ्याची, सहावा दाबला की तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. पाचवा दाबून चौथ्याची फट पाहायला गेले, तर 15 हजारांश इंचाच्या जागी दुप्पट भरली. आणि पाचव्याची पाहण्यासाठी चौथा दाबला, तर तो इतरांएवढा खालीच जाईना. बाजूचे झाकण उघडून टॅपेट काढला. त्याचे तोंड वाटीसारखे खोलगट झाले होते. कॅमचा उंचवटा बोथटला होता. तेलात चमकणारा कीस.

त्या रात्री मी कॅटलॉग घेऊन दिव्याखाली बसलो. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सारे लिहिले होते. साध्या रस्त्याच्या कॅमला मूळच्या स्प्रिंगाच पुरेशा आहेत. डबल स्प्रिंगा शर्यतीच्या कॅमसाठी. डबल लावल्याच, तर पहिल्या सुरुवातीपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवावी. नवा कॅम सुरू होताच इंजिन दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे, मंद ठेवू नये. कारणही होते : मंद गतीत कॅमवर तेलाचा शिडकावा कमी पडतो आणि उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त असतो.

मी दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत आबा डॉक्टरांकडे जाऊन आले. "चूक आमच्याकडनं झाली, नवा माल आम्ही आणतो," असे सांगून आले. कर धरून 28,000 रुपये. आईने शेडचे पत्रे बदलायला साठवलेले पैसे होते, ते गेले. डॉक्टर निम्मे देतो म्हणत होते. आबांनी घेतले नाहीत. आपला हात कुठे चुकला, हे मात्र त्यांना कळत नव्हते. रात्री अंथरुणावर बसून ते झिजलेला टॅपेट बोटांत फिरवीत. ते मला पाहवेना. तिसऱ्या दिवशी मी कॅटलॉग त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितले.

मला वाटले होते, ओरडतील. ते बराच वेळ त्या बारीक ओळींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाचता येत नाही म्हणून तुला विचारलं. तुला येतंय, आणि तू वाचलं नाहीस."

एवढेच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसरे पार्सल येईपर्यंत दोन संध्याकाळी मी त्यांना ती पाने ओळ न ओळ मराठीतून सांगितली. शब्द अडला तर डिक्शनरी पाहिली. आबा मध्येच थांबवीत, "परत वाच." तेल कसले हवे, जस्ताचा अंश असलेले, टॅपेटला कसले वंगण लावायचे, सारे त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतले. वर्गात मी एवढ्या बारकाईने कोणतेच पुस्तक वाचले नव्हते, हे इथे कबूल करतो.

या वेळी मूळच्याच मापाच्या साध्या स्प्रिंगा बसल्या. कार्बोरेटर आधीच अंदाजाने लावून ठेवले. इंजिन सुरू होताच आबांनी ते दोन हजारांवर नेले आणि मी घड्याळ धरून उभा राहिलो. वीस मिनिटे शेडमध्ये कोणी बोलले नाही. मग इंजिन निवल्यावर त्यांनी फिलर गेज माझ्या हाती दिले. "आठ दाबलाय. कितवा?"

"पहिला."

"नऊच का येतात, ते मला ठावं नाही. आमच्या वस्तादानं सांगितलं, तसं करतोय. तू शिकलायस, तू सांग."

मी वहीच्या मागच्या पानावर आठ वॉल्व्ह काढले आणि चारही सिलिंडरांचा क्रम मांडला. पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा अशा जोड्या आहेत. एकाचा वॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, तेव्हा जोडीदाराचा तसाच वॉल्व्ह पूर्ण मिटलेला असतो. आकडे दोन्ही टोकांकडून सारखे मोजले जातात, म्हणून बेरीज नऊ. आबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

गाडी आजही पन्हाळ्याला जाते. शेडचे पत्रे अजून जुनेच आहेत; पावसात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. ती बादली मी ओततो. आणि कोणतेही पान वाचायला घेतले की आता माझी नजर आधी तळाशी जाते.