कीबोर्डचा आवाज आणि शेजाऱ्याचा हक्क

क्रांती चौकात दिवसा कीबोर्डच्या आवाजाची गोष्ट काढली तर लोक हसतील. वर उड्डाणपुलावरून गाड्या, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि शहरातलं प्रत्येक आंदोलन कधी ना कधी घोषणा देत इथं येणारच. पण रात्री अकरानंतर चौकामागच्या गल्ल्या निवांत होतात. नेमकी तीच माझी लिहायची वेळ. रमजानमध्ये तर तरावीहनंतर बसलं की सहरीपर्यंत लिहिणं चालतं. अशा वेळी मेकॅनिकल कीबोर्डचं एकेक बटण भिंतीपलीकडे ऐकू जातं.

पलीकडच्या खोलीत अम्मी झोपते. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं, "कायकू इत्ती टकटक, सोने दे ना." खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे रात्री शिलाई मशीन चालतं का हो?"

यावर सोपा उपाय म्हणजे साधा, रबरी बटणांचा कीबोर्ड आणायचा. तो मला नको होता आणि त्याचं कारण मराठीतच आहे. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीनं टाइप करतो. तीत मात्रा आणि हलन्त डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. 'क्रांती' हा शब्द घ्या. क उजवीकडे, हलन्त डावीकडे, र उजवीकडे, काना आणि अनुस्वार डावीकडे, त उजवीकडे, शेवटची वेलांटी पुन्हा डावीकडे. सात ठोके, आणि हात जवळजवळ आळीपाळीनं चालतात. यातला हलन्त नीट दाबला गेला नाही तर 'क्रांती'ची 'करांती' होते. मेकॅनिकल बटणात अर्ध्या वाटेवर, साधारण दोन मिलिमीटरवर, बोटाला एक बारीक उंचवटा लागतो. अक्षर उमटलं हे बोटाला तिथंच कळतं, नजर पडद्यावरच्या वाक्यावर राहते. जोडाक्षरांच्या भाषेत लिहिणाऱ्याला ही चैन नाही, गरज आहे.

म्हणून प्रश्न असा होता: शेजाऱ्याला जे ऐकू जातं ते काढायचं आणि बोटाला जे कळतं ते ठेवायचं. दोन्ही एकच असेल तर उपाय नाही. सुदैवानं ते एक नाही.

हा प्रश्न नवाही नाही. चौकातून अदालत रोडनं कोर्टाकडे जाताना अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे लोक ज्यांनी पाहिलेत त्यांना टाइपरायटरचा कडकडाट आठवेल. त्या काळी यंत्राखाली नमद्याची जाड घडी ठेवत आणि कागदामागे आणखी एक कागद लावत, म्हणजे रुळावरचा ठोका जरा मऊ होई. तिकडे अमेरिकेत 1920 च्या दशकात रेमिंग्टननं 'नॉइजलेस' नावाचं यंत्रच विकलं. त्यात अक्षर कागदावर आपटत नसे, दाबलं जाई. आवाज कमी झाला, पण बोटाखालची तऱ्हाही बदलली. इथल्या टायपिस्टांनी मात्र यंत्राला हात लावला नाही, फक्त त्याच्याखाली नमदा घातला. मीही सुरुवात तिथूनच केली.

कीबोर्डचा आवाज चार जागांवरून येतो. बटण तळाला आपटतं तिथून; सोडल्यावर वर येऊन आपटतं तिथून; स्पेस, एन्टर, बॅकस्पेस या लांब बटणांखालची तार खडखडते तिथून; आणि पोकळ डब्यामुळे व टेबलामुळे हे सगळं वाढतं तिथून. खालच्या काकूंपर्यंत जाणारा आवाज हवेतून कमी आणि टेबलाच्या पायांमधून जास्त जातो. टेबल हा त्यांच्यासाठी तबलाच असतो.

त्यामुळे पहिला उपाय जवळजवळ फुकटचा. कीबोर्डखाली जाड नमदा किंवा मोठं माऊसपॅड, आणि टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे. सतरंजीची दुहेरी घडीही चालते. बोटाला काहीच फरक कळत नाही, खालच्या मजल्याला बराच कळतो.

दुसरा उपाय लांब बटणांचा. त्यांच्या टोप्या काढून खालच्या तारेच्या टोकांना घट्ट ग्रीस लावायचं. खडखड जाते, बाकी काही बदलत नाही. तिसरा, डबा उघडून सर्किटच्या पाटीखालच्या पोकळीत फोमचा तुकडा बसवायचा. योगा मॅटचा कापलेला तुकडाही पुरतो, फक्त पाटी वर उचलली जाईल इतका जाड नको. पोकळ 'टॉक'चा भरीव 'ठप' होतो.

यापुढे जपून. बटणाच्या टोपीत रबराची बारीक रिंग घालायचा सल्ला सगळेच देतात. ती तळाचा ठोका मऊ करते, पण वर येतानाचा आवाज तसाच राहतो, आणि चार मिलिमीटरच्या प्रवासातला थोडा प्रवास खाऊन टाकते. बोट चिखलात रुतल्यासारखं वाटतं. मी आठवडाभर वापरून त्या काढून ठेवल्या. स्विच उघडून आत वंगण लावलं तर स्प्रिंगची किणकिण आणि घासण्याचा आवाज जातो, पण ज्या दोन पायांमुळे तो उंचवटा जाणवतो त्यांना वंगण लावलं की उंचवटाच पुसला जातो. तेवढी जागा कोरडी ठेवायची. निळे, 'क्लिक' करणारे स्विच असतील तर मात्र धडपड करू नका. त्यांचा आवाज हा दोष नाही, आतला एक वेगळा भाग तो मुद्दाम काढतो. तिथं स्विच बदलणं हाच उपाय. ज्यांच्या दांड्याला वर-खाली रबर बसवलेलं असतं असे सायलेंट स्विच मिळतात, स्पर्श किंचित मऊ होतो. मी ते फक्त स्पेस, एन्टर आणि बॅकस्पेसला बसवले, कारण सगळ्यात मोठे धक्के तिथले. अक्षरांची बटणं जशी होती तशी ठेवली.

आता थोडं कीबोर्डबाहेरचं. 1 मे 2022 ला आमच्याच शहरात, मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर, मशिदींवरच्या भोंग्यांवरून मोठी सभा झाली. तेव्हापासून आवाज हा शब्द निघाला की आम्हा मुसलमानांचे खांदे आपोआप ताठ होतात. उत्तरं तयार असतात: मग वरातीचा डीजे? मग मिरवणुका? ती उत्तरं खोटी नाहीत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा सर्वांना सारखीच आहे आणि ती सर्वांवर सारखी लावली जात नाही, ही तक्रारही खरीच. पण त्या वादाच्या धुरळ्यात आपल्याच घरातली एक जुनी शिकवण मागे पडते. सूरह इस्राच्या 110 व्या आयतीत नमाजाच्या पठणाबद्दल सांगितलंय की आवाज फार चढवू नये, अगदी दाबूनही टाकू नये, मधली वाट धरावी. आणि शेजाऱ्याच्या हक्कात तो कोणत्या धर्माचा, ही अट कुठंच नाही. इबादतीच्या आवाजाला जर ही मर्यादा असेल, तर माझ्या लेखांच्या टकटकीला ती किती असावी?

मधली वाट म्हणजे मुकं होणंही नाही. लिहिणं बंद करून झोपणं हा काकूंच्या प्रश्नाचा अर्थ नव्हता, आणि बोटाखालचा उंचवटा मारून टाकणं हे माझं उत्तर नव्हतं. कुठला आवाज कुठून येतो आणि कुठं पोचतो हे शोधायला वेळ दिला, तर बऱ्याचदा दोघांचंही भागतं. इथं सगळा खर्च एका नमद्याचा, थोड्या ग्रीसचा आणि तीन स्विचचा होता.

तुम्ही हे करून बघणार असाल तर शेवटची एक गोष्ट. आवाज किती कमी झाला ते आपल्या खुर्चीत बसून ठरवू नका. घरातल्या कुणाला तरी टाइप करायला बसवा, दार लावा, आणि पलीकडच्या खोलीत जाऊन उशीला डोकं टेकून ऐका. जमलं तर शेजाऱ्यांनाही विचारा.