ज्यांच्या नावाने ते बोलत होते

2010 च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅमच्या एका पाळणाघरातला कर्मचारी पकडला गेला. तान्ह्या मुलांवर त्याने अत्याचार केले होते. पुढे न्यायालयात 67 मुलांवरचे गुन्हे सिद्ध झाले. आम्ही तेव्हा शेजारच्या आम्सटलवेनला राहत होतो. माझी मुलगी दोन वर्षांची होती, पाळणाघरातच वाढत होती. तिला तिथे सोडून ऑफिसला निघताना पाय उचलत नसे.

त्या दिवसांत डच शेजारणीने मला ‘मार्टाइन’विषयी सांगितले. मोठ्यांनी मुलांशी ठेवलेल्या लैंगिक संबंधांना मान्यता मिळावी, म्हणून 1982 पासून उघडपणे काम करणारी ही संघटना. 2006 मध्ये त्याच विचारांचा एक पक्षही निघाला होता. संमतिवय सोळावरून बारावर आणा, ही त्याची मागणी. बारा हा आकडा ऐकून मी हादरले. आपल्याकडे 1891 मध्ये संमतिवय दहाचे बारा करण्यावरून केवढे रण पेटले होते! न्यायालयाने त्या पक्षावर बंदी घातली नाही. पण निवडणुकीपुरत्या सह्याही त्याला जमल्या नाहीत आणि 2010 मध्ये तो विसर्जित झाला.

‘मार्टाइन’चा निकाल लागायला वेळ लागला. 2012 मध्ये आसनच्या न्यायालयाने बंदी घातली, 2013 मध्ये अपिलात ती उठली. त्या दिवशी मला फार चीड आली. 18 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी पुन्हा लागू केली. शब्दकोश घेऊन बसले आणि त्या निकालाविषयी मिळेल ते वाचून काढले. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे हे न्यायाधीशांनी मान्यच केले होते. पण ही संघटना मुलांना होणारी इजा क्षुल्लक ठरवते, अशा संबंधांचे गोडवे गाते. म्हणून मुलांचे रक्षण त्या स्वातंत्र्याहून मोठे, असे त्यांनी ठरवले.

मला तो निकाल आजही महत्त्वाचा वाटतो. ‘मार्टाइन’ची माणसे तीस वर्षे मुलांच्या स्वातंत्र्याची भाषा करत होती. त्या स्वातंत्र्याचा फायदा मात्र मोठ्यांनाच होता, आणि किंमत मोजणारे मूल त्या वादात बोलूच शकत नव्हते.

बंदीने विकृती संपत नाही. ॲमस्टरडॅमच्या त्या प्रकरणानंतर 2013 पासून तिथल्या पाळणाघरांत नियम आला: मुलांजवळच्या कर्मचाऱ्याला दुसरा मोठा माणूस कधीही पाहू वा ऐकू शकला पाहिजे. कायद्याने संघटना मोडावी आणि मोठ्यांनी मुलांवरची नजर हटू देऊ नये. मुलांना या दोन्हींची गरज आहे.