न्यूयॉर्कच्या पोटातील संग्रहालय

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारे आपले समाजबांधव स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहतात, उंच इमारती पाहतात आणि कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापुढे नतमस्तक होऊन परततात. आम्हीही ते सारे केले. पण आणखी एक ठिकाण पाहिले, त्याची ओळख वाचकांना करून द्यावीशी वाटते. ते म्हणजे ब्रुकलिन भागातील भुयारी रेल्वेचे संग्रहालय.

बाहेरून इमारत शोधाल तर सापडणार नाही. फुटपाथवरून स्टेशनात उतरावे तसा जिना उतरायचा, की संग्रहालय सुरू! हे खरोखरच एक जुने स्टेशन आहे. कोर्ट स्ट्रीट त्याचे नाव. 1936 साली ते सुरू झाले, उतारू फारसे मिळेनात म्हणून 1946 साली बंद पडले, आणि 1976 साली तेथे हे संग्रहालय उघडले. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आणि खाली फलाटाच्या दोन्ही बाजूंना 1907 पासूनचे जुने डबे उभे आहेत. वेताची आसने, छताला पंखे, उभ्या उतारूंसाठी कड्या, त्या त्या काळच्या जाहिराती! आत बसून पाहायलाही मोकळीक आहे. मुले तर डब्यातून बाहेर यायलाच तयार होत नाहीत.

भाड्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. 1904 साली गाडी सुरू झाली तेव्हा भाडे होते पाच सेंट. ते 1948 पर्यंत तसेच राहिले. पुढे 1953 साली भाडे पंधरा सेंट झाले, पण पंधरा सेंटचे नाणेच नव्हते. म्हणून दारातील यंत्रात टाकायला खास बिल्ला काढावा लागला. तो 2003 पर्यंत चालला.

परंतु आमचे पाय खिळले ते भुयार खोदणाऱ्या मजुरांच्या छायाचित्रांपुढे. त्यांत आयरिश होते, इटालियन होते, कृष्णवर्णीय होते. बराचसा मार्ग रस्ता उकरून, खाली रूळ टाकून, वर पुन्हा छत घालून बांधला गेला. नदीखाली मात्र तसे करता येईना. तेथे भुयारात दाबाची हवा भरून पाणी आणि चिखल थोपवून धरावा लागे आणि मजूर त्या दाबातच खोदत. बाहेर पडताना दाब हळूहळू कमी करावा लागे. घाई झाली तर रक्तात हवेचे बुडबुडे होऊन माणूस वेदनेने तळमळे, कधी प्राणासही मुके. फेब्रुवारी 1916 मध्ये ईस्ट नदीखालच्या भुयारात हवेने तळ फोडला आणि तीन मजूर चिखलातून, पाण्यातून थेट वर फेकले गेले. दोघे मेले. मार्शल मेबी नावाचा एक वाचला.

त्या दिवसांत बाबासाहेब याच शहरात होते! 1913 ते 1916 या काळात ते कोलंबियात शिकत होते. विद्यापीठापाशी 116व्या रस्त्यावर भुयारी रेल्वेचे स्टेशन 1904 पासूनच आहे. पाच सेंट टाकले की कोणीही गाडीत बसावे, जात विचारणारा कोणी नाही. याच विद्यार्थ्याला लहानपणी, 1901 साली, मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान आपल्या बैलगाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनीच गाडी हाकली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ही हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे.

न्यूयॉर्कलाही समता फुकट मिळाली नाही. 1854 साली एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून बळाने उतरवण्यात आले. ती गप्प बसली नाही, कोर्टात गेली आणि 1855 साली खटला जिंकली. तिचे तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. पाणवठा असो की वाहन, 'सार्वजनिक' हा शब्द खरा करायला कोणाला तरी उभे राहावे लागते, हे चवदार तळ्याच्या वारसांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या मुंबईतही कफ परेड ते आरे अशी भुयारी मेट्रो 2025 पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. ती खोदणारे हात कोणाचे, ते कोणत्या गावाहून आले, कसे राहिले, याचीही नोंद पुढच्या पिढीसाठी राहिली पाहिजे. उद्घाटनाच्या शिळेवर मजुराचे नाव नसते. म्हणून आपल्या घरात, वस्तीत कोणी अशा कामावर राबले असेल तर त्यांच्या आठवणी मुलांकडून लिहवून घ्याव्यात, फोटो जपून ठेवावेत. आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी संग्रहालय उघडे असण्याचे वार विचारून, मुलांना घेऊन तो जिना जरूर उतरावा.