साहेबाच्या लावण्या

मी राहते ते दोड्डतोगूर इलेक्ट्रॉनिक सिटीला अगदी चिकटून आहे. गाव म्हणावं असं त्यात फारसं उरलेलं नाही. पीजी, बिर्याणीची दुकानं, पाण्याचे टँकर. हे नाव किती जुनं आहे ते मला कळलं कस्तुरबा रोडवरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात, बेगूरहून आणलेल्या एका वीरगळासमोर. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा दगड. गंग राजा एरेयप्पच्या फौजेतला नागत्तर लढाईत पडला, त्यानंतर राजाने इरुग नावाच्या माणसाला बेंपूर, म्हणजे बेगूरकडची, बारा गावं दिली. त्या बारांत तोवगूर आहे. माझ्या भाडेकरारावर आहे तेच.

हा लेख वाचून, इंग्रजी अनुवादासह ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला जॉन फेथफुल फ्लीटने. जन्म 1847 चा. लंडनला संस्कृत शिकून 1867 मध्ये मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत आला. महसूल खातं, मग दक्षिण भागात शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर, कोल्हापूरला सहायक पोलिटिकल एजंट, सोलापूरचा कलेक्टर, शेवटी जकातीचा कमिशनर. 1897 मध्ये निवृत्त. अधली तीन वर्षं, 1883 ते 86, सरकारने त्याला कोरीव लेख वाचण्याच्याच कामावर नेमलं, आणि त्यातून 1888 मध्ये गुप्त राजांच्या लेखांचा जाडजूड खंड आला. ऐहोळेचा रविकीर्तीचा लेख, ज्यातल्या नव्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो, तोही त्याने वाचून छापला होता. मुंबई गॅझेटियरच्या एकाच पुठ्ठ्यात रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा इतिहास आणि फ्लीटचा कानडी जिल्ह्यांतल्या राजघराण्यांचा इतिहास शेजारी शेजारी बसले आहेत. मराठी–कन्नड वादावर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी तो खंड उघडला असेल, असं मला अधूनमधून वाटतं.

पण माझं त्याच्याशी नातं जडलं ते दगडांमुळे नव्हे. ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात फ्लीटने काही कन्नड लावण्या छापल्या, मूळ शब्द आणि इंग्रजी भाषांतर असं दोन्ही. विषय बघा. 1857 मध्ये हत्यारं सरकारजमा करायला नकार देणारे हलगलीचे बेड. इंग्रजांविरुद्ध उठलेला कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा. आणि प्राप्तिकर! ज्या खात्याचा पगार खायचा, त्याच खात्याच्या नावाने गावात बोटं मोडून जे गायलं जातं, ते साहेब लिहून घेतो, शब्द लावतो आणि छापतो.

माझ्या आजीचं माहेर नंदगडजवळचं, खानापूर तालुक्यातलं. घरात बोलणं मराठी. नंदगडला रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिली, आणि त्याला पुरलं तिथल्या वडाला मूल व्हावं म्हणून बायका लाकडी पाळणे बांधतात. आजीनेही बांधला होता, माझी आई पोटी यावी म्हणून. रायण्णा कन्नड की मराठी, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तर तिने विचारणाऱ्याकडेच बघत राहिलं असतं. तिला त्याचं गाणं मात्र येत नव्हतं. ते मी पहिल्यांदा वाचलं एम.ए. करताना, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, फ्लीटच्या नावाखाली. आनंद झाला आणि अपमान वाटला, दोन्ही एकदमच. ज्यांनी फास आवळला त्यांच्याच दप्तरातून आजीचा रायण्णा मला मिळत होता.

बरीच वर्षं मी त्याला मनातल्या मनात सवलत दिली: माणूस बंडखोरांवर लुब्ध झाला असावा. आता तसं वाटत नाही. ज्याला फाशी देऊन अर्धं शतक उलटलं, त्याचं गाणं छापायला सरकारला भीती नसते. फ्लीट निवृत्त झाला त्याच 1897 साली, त्याच इलाख्यात, टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’त छापलेली शिवाजीच्या तोंडची कविता पुरावा म्हणून आली. न्यायालयापुढे होता तिचा इंग्रजी अनुवाद, आणि शब्दाशब्दावरून वाद झाला. तोही अनुवादच. एकाने गाणं जगवलं, दुसऱ्याने माणूस तुरुंगात घातला, आणि दोघांचा मालक एक.

हे मी कुठे बसून लिहिते आहे तेही सांगायला हवं. कादंबऱ्यांच्या अनुवादावर घरभाडं निघत नाही. गेली तीन वर्षं मी इथल्याच एका कंपनीसाठी, नाव राहू दे, मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे संदेश मराठीत करते. ‘आपला हप्ता थकला आहे.’ ‘आपल्या संपर्कातील व्यक्तींना कळवले जाऊ शकते.’ या दुसऱ्या वाक्यातलं ‘शकते’ माझं. मूळ इंग्रजीत धमकी उघड होती. मी ती सौम्य केली, आणि वरिष्ठ म्हणाले, छान, आता जास्त परिणाम होईल. सौम्य केल्याने ती जास्त घाबरवते हे मला त्याआधी कळायला हवं होतं. पुढच्या महिन्याचं काम मी घेतलं. भाडं होतंच.

संध्याकाळी प्राप्तिकराच्या त्या लावणीचं मराठी करायला घेतलं आहे. फ्लीटचं इंग्रजी बाजूला ठेवून थेट कन्नडवरून. गाडी पहिल्याच अडचणीवर अडली: कराला काय म्हणायचं? ‘कर’ पाठ्यपुस्तकी. ‘सारा’ जमिनीचा. आजी ‘पट्टी’ म्हणायची: घरपट्टी, पाणीपट्टी, आणि जावई फार येऊ लागला की तीही एक पट्टीच. सध्या ‘पट्टी’ ठेवलं आहे.

येत्या शुक्रवारी बेळगावला जायचं आहे. गाडी सुटते ते बेंगळुरूचं मोठं स्थानक आता क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या नावाचं आहे. तिकिटावर मात्र संक्षेप जुनाच, एसबीसी. लावणीचा कागद बरोबर नेते आहे. आईला वाचून दाखवायचा आहे. ‘पट्टी’ तिच्या कानाला कशी लागते ते बघू.