न लिहिलेलें हसूं

आईवर लिहिलेला लेख आईलाच वाचून दाखविण्याचा प्रसंग फार थोड्या लेखकांवर येत असेल. माझ्यावर तो आला, आणि त्या परीक्षेंत मी साफ नापास झालों. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईनें रेघा ओढणाऱ्या माणसाला आपला निकाल निमूटपणें स्वीकारणें जड जातें. म्हणूनच कीं काय, तो जाहीर करावयास मला इतकीं वर्षें लागलीं.

माझा जन्म पाथर्डी तालुक्यांतल्या एका कोरडवाहू गांवीं झाला. आमचा जिल्हा कागदोपत्रीं आतां अहिल्यानगर झाला आहे; जिभेवर अजून नगरच येतें. दिवाळी सरली कीं गांवांतलीं निम्मीं घरें कुलूप लावून ऊसतोडीस निघत. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावी, बैलगाडींत भांडीं आणि पोरें घालावीं, व प्रवरेच्या नाहीं तर गोदावरीच्या खोऱ्यांतल्या एखाद्या कारखान्यावर पाचटाच्या कोपींत पांच-सहा महिने काढावे, असा क्रम होता. माझ्या आईबापांनीं तो अनेक वर्षें पाळला. १९७२ च्या दुष्काळांत मात्र ऊसच राहिला नव्हता. तेव्हां आई रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास गेली. मी तीन वर्षांचा होतों. म्हणजे त्या दिवसांचें मला कांहींएक आठवत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

आठवत नसूनही २००८ सालीं मीं त्यावर लेख लिहिला. त्यांत माझी आई उन्हांत दगड फोडीत होती, पदरानें डोळे टिपीत होती, आणि खडीचें माप घेणाऱ्या कारकुनानें ढीग कमी मोजला तेव्हां तो अन्याय भूमातेप्रमाणें मूकपणें सोशीत होती. लेख पुष्कळांना आवडला. कौतुकाचीं पत्रें आलीं. उन्हाळ्याच्या सुटींत मी गांवीं गेलों तेव्हां तें मासिक बरोबर नेलें, आणि ओट्यावर बसून तिला सगळा लेख वाचून दाखविला. तिला अक्षरओळख नव्हती.

वाचन संपल्यावर ती बराच वेळ सुपांतल्या बाजरींत बोटें फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आरं, ही कोन बाई?"

"तूंच कीं," मी म्हणालों.

"म्या कुटं रडले? त्यानं माप खोटं लावलं तवा आमी समद्या बाया ढिगावर जाऊन बसलो. म्हनलं, पुन्ना मोज, न्हाय तर आमालाच मोज. त्यो बी हसाया लागला. लई हसलो त्या दिशी." आणि थोडें थांबून तिनें विचारलें, "हसलेलं न्हाय लिव्हलं तू?"

मीं तिला वाङ्मय म्हणजे काय तें समजावून सांगितलें. एकच भाव धरून ठेवावा लागतो, हसूं आलें तर करुण रस पातळ होतो, वगैरे. "आसं व्हय," म्हणून ती सूप घेऊन आंत गेली. पुढें तो लेख एका संग्रहांत घेतला गेला. मुद्रितें तपासावयास माझ्याकडेच आलीं होतीं. मीं ऱ्हस्वदीर्घ सुधारले. आई सुधारली नाहीं. २०१९ सालीं ती वारली.

यानंतर दोन वर्षांनीं, १९ एप्रिल २०२१ रोजीं, पुण्यास सुमित्रा भावे निवर्तल्या. त्यांचे "दोघी" आणि "वास्तुपुरुष" मीं पाहिले होते. टाळेबंदीचे दिवस होते, हातीं रिकामपण होतें; म्हणून त्यांच्याविषयीं मिळेल तें वाचीत गेलों आणि एका ठिकाणीं थबकलों.

सुमित्राबाईंचा जन्म १९४३ चा, पुण्याचा. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयांत, पुढें पुणें विद्यापीठांत आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत. कर्वे समाजसेवा संस्थेंत त्यांनीं कांहीं वर्षें अध्यापन केलें. दिल्लीच्या आकाशवाणीवर मराठी बातम्या सांगितल्या. म्हणजे पेशानें त्या समाजशास्त्रज्ञ आणि माझ्यासारख्याच फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या. चित्रपटाचें रीतसर शिक्षण त्यांनीं कधींच घेतलें नव्हतें. "स्त्रीवाणी" या उपक्रमांत दलित स्त्रियांचीं जीवनवृत्तें त्यांच्याच तोंडून ऐकून टिपण्याचें काम त्यांनीं केलें. त्यांतल्या आठ स्त्रियांचीं कथनें गौरी देशपांडे यांनीं इंग्रजींत आणलीं, आणि तें पुस्तक "पॅन ऑन फायर" या नांवानें १९८८ सालीं दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटनें प्रसिद्ध केलें. परंतु हा अभ्यास चालला असतांनाच एक प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला, आणि तो त्यांनीं मुलाखतींतून सांगितलेला आहे: ज्या बायांनीं हें सांगितलें त्यांना तें वाचतां येत नाहीं, मग हें लिहावयाचें कोणासाठीं? त्यांना पाहतां येईल, ओळखतां येईल, असें कांहीं हवें. म्हणून वयाच्या चाळिशीनंतर या प्राध्यापिकेनें कॅमेऱ्याची वाट धरली. झोपडपट्टींतल्या एका निरक्षर स्त्रीच्या झुंजीवरचा "बाई" हा लघुपट १९८५ सालीं झाला, आणि १९८७ सालीं "पाणी". दोहोंनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

मी थबकलों तो या प्रश्नापाशीं. हाच प्रश्न माझ्या आईनें ओट्यावर बसून मला विचारला होता. एकीनें तो ऐकून आपला मार्ग बदलला. दुसऱ्यानें ऐकून रसचर्चा केली.

पुढची त्यांची कारकीर्द सर्वांस ठाऊक आहे. सुनील सुकथनकर यांच्या जोडीनें त्यांनीं १९९५ सालीं "दोघी" केला. घर जगविण्यासाठीं मुंबईला धाडलेल्या आणि मग त्याच घराला नकोशा झालेल्या थोरल्या बहिणीची ती कथा. "अस्तु" मध्यें स्मृति हरवलेला एक संस्कृत पंडित हत्तीच्या मागोमाग चालत निघून जातो, आणि माहुताची बायको त्याला आईच्या मायेनें सांभाळते. "कासव" ला सुवर्णकमळ मिळालें. "दिठी" दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा. मला वाटतें, या साऱ्यांच्या मुळाशीं "बाई" च आहे: आधीं ऐकावें, मग दाखवावें.

तरीही एक शंका मला सुखानें बसूं देईना. कहाणी दलित स्त्रियांची आणि कॅमेरा पुण्याच्या एका सुशिक्षित बाईच्या हातीं. ऐकणारा कितीही सहृदय असला तरी कोठें कापावें आणि कोठें जोडावें, हें तोच ठरवितो. मग मी आठवूं लागलों कीं, ज्यांच्यावर बोललें जातें त्यांनीं स्वतःच साधन हातीं घेतल्याचीं उदाहरणें कोणतीं?

अमेरिकेंतल्या कॅमिल बिलॉप्स (१९३३–२०१९) या कृष्णवर्णीय बाईंचें नांव पुढें आलें. ह्या मूळच्या मूर्तिकार. न्यूयॉर्कमध्यें पति जेम्स हॅच यांच्यासह कृष्णवर्णीय कलावंतांच्या मुलाखतींचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह त्यांनीं उभा केला, आणि पन्नाशीच्या सुमारास त्यांच्यासह चित्रपट काढूं लागल्या. विषय, आपलेंच घर. "सुझॅन, सुझॅन" (१९८२) मध्यें त्यांची भाची आणि तिची आई अंधारांत कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि घरांतल्या कर्त्या पुरुषानें केलेल्या मारहाणीविषयीं प्रथमच एकमेकींशीं बोलतात. "फाइंडिंग क्रिस्टा" (१९९१) याहून धीट आहे. बिलॉप्सबाईंनीं १९६१ सालीं आपली चार वर्षांची मुलगी दत्तक देऊन टाकली होती. वीसएक वर्षांनीं ती परत भेटली. त्या चित्रपटांत खरीखुरी साक्ष आहे, घरगुती चित्रफिती आहेत, मुद्दाम रचलेलीं नाटकी दृश्येंही आहेत. नाहीं ती एवढीच, प्रेक्षकांना हवी असलेली पश्चात्तापाचीं आसवें गाळणारी आई. १९९२ सालीं सनडान्स महोत्सवांत त्याला माहितीपटांतलें श्रेष्ठ पारितोषिक मिळालें. तो पाहतांना माझा लेख मला फार आठवला. मीं माझ्या आईच्या डोळ्यांत न आलेलें पाणी घातलें होतें. या बाईनें स्वतःच्या डोळ्यांत मागून पाहिजे असलेलें पाणी घालूं दिलें नाहीं.

आणि परदेशीं तरी कशाला जावें? १८४२ सालीं आमच्या नगरांत "ज्ञानोदय" पत्र निघालें. १८५५ सालीं त्याच पत्रांत मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा महारमांगांच्या दुःखाविषयींचा निबंध छापून आला. जोतीरावांच्या पुण्यांतल्या शाळेंतली ती विद्यार्थिनी. तिच्यासाठीं कोणी रडलें नाहीं. ती स्वतःच जाब विचारीत होती. मी नगरचाच, लेखणीचाच माणूस. पण हा निबंध मीं चाळिशी उलटल्यावर वाचला, आणि वाचूनही त्यापासून कांहीं शिकलों नाहीं.

आईला आतां कांहीं विचारतां येत नाहीं. पण तिची धाकटी बहीण गांवीं आहे, आणि १९७२ सालीं तीही त्याच कामावर होती. गेल्या दिवाळींत मी मावशीकडे गेलों, फोनवर ध्वनिमुद्रण सुरूं केलें आणि ठरवून गप्प बसलों. ती बोलत राहिली. सुकडीची चव, कोणाचें बाळ कोणी पाजलें, दगडांत निघालेला विंचू. शेवटीं मीं ढिगाची गोष्ट काढलीच.

"तुझी आई कवा बसली ढिगावर?" मावशी म्हणाली. "आदी म्या बसले. ती म्हनत व्हती, नगं गं, काम जाईल. मंग मी वढली तिला."

म्हणजे माझी भूमाताही खोटी आणि आईची हकीकतही पुरती खरी नाहीं. किंवा दोघी बहिणींच्या दोन्ही खऱ्या. यांतलें एक निवडण्याचा मोह मीं या खेपेस आवरला आहे. जुना लेख पुन्हां छापण्याविषयीं विचारणा झाली आहे. मीं कळविलें आहे कीं, लेख आहे तसाच छापावा, म्हणजे माझी चूक लोकांना दिसेल. पण त्याखालीं दोघींचें म्हणणें, त्यांच्याच बोलींत, एक शब्दही न सुधारतां घालावें.

मुद्रण थांबविल्यावर मावशीनें विचारलें, "काय घेतलं त्येच्यात?" मीं तें तिला ऐकविलें. आपलाच आवाज ऐकून ती प्रथम दचकली, मग कान जवळ आणून ऐकूं लागली. ढिगाची गोष्ट आली तेव्हां ती हसली. फोनमधलीही त्याच ठिकाणीं हसत होती.

"आता बराबर हाय," मावशी म्हणाली. "पुन्ना लाव."