कॅबिनेटच्या पोटातलं कोडं

अँप बदलायचा नाही, फक्त कॅबिनेटमधले दोन बारा इंची स्पीकर. आठवडाभर डोक्यात हेच. गिटारवाले लाकूड, पिकअप, पेडल यांवर तासन्‌तास बोलतात. पण आवाज शेवटी त्या कागदी कोनातूनच येतो. शिवाय साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वर हा स्पीकर जवळजवळ गप्प होतो, म्हणूनच डिस्टॉर्शन सुसह्य वाटतं. तेच घरच्या हाय-फायवर ऐका, कान किटतात.

मन सेलेस्टिअन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरकडे ओढतं. तो मधल्या पट्टीत गोड गुरगुरतो. पण एक स्पीकर पंचवीस वॅटचा. माझा अँप पन्नास वॅटचा, व्हॉल्व्हचा. पूर्ण उघडला की छापील आकड्याच्या बराच वर जातो. दोन स्पीकरची बेरीज जेमतेम पन्नास. कॉइल जाळायची हौस नाही.

त्याच कंपनीच्या व्हिंटेज ३० च्या नावातला आकडा फसवा, तो साठ वॅट पेलतो. संवेदनशीलता १०० डेसिबल. त्यांच्याच पासष्ट वॅटच्या क्रीमबॅकची ९७. फरक तीनचाच, पण तेवढ्यासाठी अँपची ताकद दुप्पट लागते! ड्रमरशेजारी उभं राहायचं तर हे महत्त्वाचं. मला मात्र व्हिंटेज ३० चा वरचा टोकदारपणा खुपतो.

तेव्हा क्रीमबॅकची जोडी. दोन्ही सोळा ओहमचे, पॅरललमध्ये आठ. अँपलाही आठच हवेत. सुरुवातीला ते ताठर वाजतील, कोन सैल व्हायला वेळ लागतो. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.