सवलतींचा हिशोब

आजोळी म्हैस व्यायली की पहिला प्रश्न असायचा, "रेडी की रेडा?" रेडी म्हटल्यावर आजी हातावर साखर ठेवायची. रेडा म्हटल्यावर "बरं" म्हणून माणसं कामाला लागायची. खरवस मात्र दोन्ही वेळा सारखाच व्हायचा, गूळ-वेलची घातलेला, वर किसलेलं जायफळ. धारेच्या वेळी मामा आधी रेडकू सोडायचा. त्याने कासेला चार ढुसण्या दिल्या, म्हशीला पान्हा फुटला, की त्याला ओढून पुन्हा दाव्याला बांधायचं आणि चरवी घेऊन बसायचं. रेडा असला तर त्याच्यासाठी सडात काही उरतंय का, याची फारशी कुणाला फिकीर नसे. मामा काही दुष्ट नव्हता. त्याच दुधावर मामेभावंडांची शाळा चालली होती.

मुंबईत दूध म्हणजे आरेच्या केंद्रावरची रांग, काचेची बाटली आणि तिचं रुपेरी झाकण. पुढे पिशवी आली. गोठा दिसेनासा झाला, त्याबरोबर रेडाही.

दूध सोडलं ते पन्नाशीला आल्यावर. आटलेली म्हैस जाते कुठे, रेडे जातात कुठे, हे डोक्यात शिरलं आणि 'आम्ही शाकाहारी' म्हणताना जीभ अडखळू लागली. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. म्हणजे रेड्याचं उत्तर सरळच होतं.

चहा कोरा झाला, ताकाच्या कढीच्या जागी सोलकढी आली. पण एक हिशोब उघडला की पुढची पानं आपोआप उलटतात. पैठणीचं रेशीम म्हणजे आतल्या जिवासकट वाफवलेले, उकळलेले कोष. औषधाच्या कॅप्सूलचं वेष्टण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे हाडाकातड्याचं. ड-३ जीवनसत्त्वाची गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. भजनातल्या पखवाजावर चामडं, आणि मंडईतली मेथी शेणखतावर पोसलेली. भाचा हसून विचारतो, "मावशी, मग दुधानंच काय घोडं मारलं होतं?"

अशा वेळी मला गांधीजी आठवतात. कलकत्त्याच्या गोठ्यांत दूध काढण्यासाठी गाईम्हशींवर होणारी 'फुका'ची क्रूर रीत त्यांना कळली होती. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, त्यांनी दूध सोडलं. १९१८च्या आजारपणात ते पार खंगले. माथेरानची हवाही मानवली नाही. डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, बकरीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं, की यात व्रताचा शब्द तेवढा राहिला, आत्मा गेला. जगण्याची इच्छा सत्यावर मात करून गेली. बकरीचं दूध त्यांनी पुढेही घेतलं, आणि ती पळवाट आहे हे कधी झाकलं नाही.

सुसंगती म्हणतात ती मला इथे दिसते. अपवाद कुणाला चुकलेत? प्रश्न एवढाच, की स्वतःला दिलेली सवलत आपण तत्त्व म्हणून मिरवतो की सवलत म्हणून मांडतो. 'शक्य तेवढं' हे माप रबरी आहे, सोयीप्रमाणे ताणलं जातं. म्हणून मी ते दोन जागी लावून बघते. गरज आधी होती की कारण आधी सुचलं? आणि हीच सवलत शेजारणीने घेतली तर मी नाक मुरडेन का? डॉक्टरांनी लिहिलेली कॅप्सूल या कसोटीला उतरते. चामड्याची नवी चप्पल उतरत नाही. मामाच्या घरच्यांना उपदेश करणं तर मुळीच उतरत नाही. दुधाच्या पैशावर त्यांचं घर चालतं, माझं नाही.

भाच्याच्या लग्नात आईची पैठणी नेसणार आहे. आईची आहे, हे कारण मला पुरतं; त्या किड्यांना पुरलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. नवी घेणार नाही.